आगाऊ मंडळी

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी एक संगणक विकत घेतला. हा संगणक अद्याप जन्मास आलेला नाही एवढी एक उणीव सोडली, तर त्याच्यात नाव ठेवण्यासारखे काहीही नाही. तो तळहातावर मावतो, शिंपल्यासारखा उघडतो, उघडल्यावर त्याच्या पोटातून अंगठ्यांनी बडवावयाचा एक चिमुकला कळफलक निघतो, आणि ज्या लिनक्स नावाच्या प्रणालीवर जगातले पाचशे बलाढ्य महासंगणक चालतात, तीच प्रणाली त्या चष्म्याच्या घराएवढ्या पेटीत चालते, किंवा चालेल, किंवा, भाच्याच्याच शब्दांत सांगावयाचे तर, ती चालण्यास तत्त्वतः कोणतीही हरकत नाही. यंत्राचे नाव मी येथे देत नाही. दिले तर आपला रांगेतला क्रमांक मागे जाईल अशी भाच्याची श्रद्धा आहे, आणि श्रद्धेच्या बाबतीत मी सहसा कोणाशी हुज्जत घालीत नाही.

मी महसूल खात्यात तेहेतीस वर्षे कारकुनी केली. बयाणा, इसार, अनामत, तगाई हे शब्द माझ्या हाताखालून गेलेले आहेत, तेव्हा ही हकीकत ऐकून "म्हणजे तू इसार देऊन ठेवलास तर!" असे मी सहजच म्हणून गेलो. आराध्यदैवताचा कोणी एकेरीत उल्लेख करावा तसा भाच्याचा चेहरा झाला. "मामा, इसार जमिनीला असतो. ही प्रीऑर्डर आहे." दोहोंतला फरक त्याने मला अर्धा तास समजावून सांगितला व मला जो समजला तो असा, की इसारपावतीस मुद्रांक लागतो, दोन साक्षीदार लागतात आणि मुख्य म्हणजे चतुःसीमा लागते, पुढे व्यवहार फिसकटला तरी त्या चतुःसीमेच्या आत जमीन नावाची वस्तू शिल्लक असते आणि तिच्या बांधावर बसून माणसाला निदान कपाळाला हात तरी लावता येतो. प्रीऑर्डरीत यांपैकी काही नसते. असतो तो एक क्रमांक, आणि तो भाच्याला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा अधिक चांगला पाठ आहे.

'आगाऊ' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. मुदतीपूर्वी भरलेली रक्कम ती आगाऊ. आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात न विचारता तोंड घालणारे कार्टे, तेही आगाऊच. एवढे भिन्न अर्थ एकाच शब्दात का नांदावेत याचे मला कैक वर्षे कोडे होते. त्याचा उलगडा रविवारी सकाळी भाच्याच्या खोलीत, त्याच्या स्नेह्यांची बैठक भरली असता झाला. जो रक्कम आगाऊ भरतो तो माणूसही दिवसेंदिवस आगाऊ होत जातो. तांबट आळीत जाऊन, रोख पैसे मोजून पातेले आणणारा गृहस्थ त्या पातेल्याचा पत्रा कोणत्या भट्टीतून आला, ठोकणाऱ्याचा हात दुखतो काय, आणि हातोड्याचा दांडा बदलावयास हवा की नको, याची विचारपूस करीत नाही. पातेले गळत नाही ना एवढे पाहतो आणि घरी येतो. परंतु हाच गृहस्थ जर पातेल्याचे पैसे दोन वर्षे आधी देऊन बसला, तर सहा महिन्यांत तो अर्धा तांबट होतो आणि वर्षाअखेर तांबटाला सूचना करू लागतो.

त्या बैठकीला भाचा धरून चौघेजण असतात. चौघेही सुशिक्षित, सभ्य, चांगल्या पगारावर आणि एरवी पूर्णपणे शहाणे. तथापि एकदा बैठक बसली, की हे चौघे एखाद्या कारखान्याच्या संचालक मंडळासारखे बोलू लागतात. "मोल्ड परत टूलिंगला गेलाय." "हिंजपाशी क्रॅक येत होती ना!" "बोर्डची नवी रिव्हिजन येईपर्यंत बॅटरीवाले थांबणार नाहीत बघ." "चायनीज न्यू इयरच्या आत शिप नाही झालं तर मार्च गेला." वास्तविक यांपैकी कोणी तो साचा पाहिलेला नाही, ते बोर्ड हाताळलेले नाही आणि चीन तर नकाशाबाहेर पाहिलेलाच नाही, पण तेथील कामगार वसंतोत्सवासाठी गावी गेले, की इकडे या खोलीत अशी काही सुतकी कळा पसरते, की त्या कामगारांच्या मालकाचा चेहराही त्यांच्या रजेच्या अर्जांवर सही करताना इतका उतरला नसेल.

प्रथम मला वाटले, की या उत्पादक मंडळींनी गिऱ्हाइकाला चांगलेच नादी लावले आहे. पण साच्याचे प्रकरण मी नीट समजावून घेतले तेव्हा माझा राग बराचसा ओसरला. प्लास्टिकचे कवच ओतावयास पोलादाचा साचा कोरावा लागतो, आणि त्याला लागणारा खर्च, त्यातून पुढे पाचशे नग काढा अथवा पाच लाख काढा, तेवढाच राहतो. बड्या कंपनीच्या बाबतीत हा बोजा लाखो गिऱ्हाइकांच्या अंगावर पिठासारखा भुरभुरला जातो व कोणास कळत नाही. येथे मात्र जगाच्या पाठीवर विखुरलेल्या दोन-चार हजार वेड्यांच्या डोक्यावर तो अख्खाच्या अख्खा येऊन बसतो. शिवाय चिपा विकणाऱ्यांना सुटी चिप विकण्यात गोडी नसते. हजारांनी गुंडाळलेली रिळे न्या म्हणतात. पडदा बनविणारा तर कोणत्या दिवशी तो पडदाच बनविणे बंद करील याचा नेम नसतो, आणि मग नव्या मापाचा पडदा, त्या पडद्यास नवी पट्टी, त्या पट्टीस नवे बोर्ड आणि त्या बोर्डास पुन्हा नवा साचा, असा संसार मागे लागतो. या धंद्यावर सावकार पैसे लावीत नाही. तेव्हा भांडवल म्हणून उरतो तो गिऱ्हाइकाचा धीर, आणि तो चौघांजवळही मुबलक आहे.

या पंथाचे एक पुराण आहे. त्याचे नाव पँडोरा. मला ते इतक्या वेळा ऐकावे लागले आहे, की आता मीच त्याचे निरूपण करू शकेन. जीपी-टू-एक्स नावाचे एक कोरियन खेळयंत्र लिनक्सवर चालत असे. त्यावर जीव टाकणाऱ्या इंग्लंड-जर्मनीकडील काही हौशी मंडळींनी, आपल्या मनासारखे यंत्र कोणी काढीत नाही तर आपणच काढावे, असे ठरविले, आणि ३० सप्टेंबर २००८ या दिवशी मागणी खुली केली. पहिली तुकडी ४,००० नगांची, किंमत १९९ पौंड. यंत्राची लांबी १४० मिलिमीटर, कळा त्रेचाळीस, दोन बाजूंस अंगठ्याने फिरवावयाचे दोन 'नब', शिवाय दिशांची चकती, म्हणजे 'डी-पॅड', वेगळी. यंत्र त्याच वर्षाअखेर हाती पडावयाचे होते. पहिले नग प्रत्यक्षात रवाना झाले ते २०१० च्या मे महिन्यात. मधल्या काळात जे जे काही बिघडू शकत होते ते ते यथाक्रम बिघडले: साचे फिरले, कळफलक फिरला, नब अडले, आणि या सर्वांवर कडी म्हणजे, इतकी लांब मुदत असलेली आगाऊ विक्री बँकेला न मानवल्यामुळे कार्डावरून आलेले पैसे ज्याचे त्याला परत करण्यात आले.

येथे भाचा नेहमी थोडा थांबतो व माझ्याकडे पाहतो, कारण पुराणातला हा कसोटीचा अध्याय आहे. पैसे परत मिळाले! कोणत्याही न्यायाने मोकळे होण्याची ही संधी होती. आमच्या खात्यात एखाद्याची चुकून भरलेली रक्कम परत मिळाली असती, तर त्याने कचेरीच्या पायरीला नमस्कार करून पुन्हा तोंड दाखविले नसते. हे लोक बँकेत गेले आणि दुसऱ्या मार्गाने तेच पैसे पुन्हा भरून आले.

यंत्र केव्हा येणार, या प्रश्नास तेव्हापासून त्या मंडळींत 'दोन महिने' असे एकच ठराविक उत्तर देण्याचा प्रघात पडला. हे उत्तर २००८ मध्ये खरे म्हणून दिले जाई, २००९ मध्ये थट्टेने, आणि त्यानंतर, मला वाटते, एक प्रकारच्या अभिवादनासारखे, म्हणजे आपल्याकडे 'राम राम' म्हणताना रामाकडून काही अपेक्षा नसते तसे. गंमत म्हणजे या अवधीत, २००९ च्या नोव्हेंबरात, नोकियाने एन-९०० नावाचा फोन बाजारात आणला: पोटात त्याच कुळातली चिप, वेगही तोच, पडद्याचे ठिपके तितकेच, लिनक्स तेच, कळफलकही होता, आणि वर फोन करता येत असे. तो दुकानात मिळत होता. मी भाच्याला विचारले, "मग या लोकांनी तोच का नाही घेतला?" "मामा, त्याला डी-पॅड कुठे होतं?" भाचा म्हणाला, आणि बाकीच्या तिघांनी, पुराणिकाने उत्तम दृष्टांत दिल्यावर श्रोत्यांनी डोलवाव्यात तशा माना डोलविल्या.

पँडोरा हे नाव ग्रीक कथेतल्या त्या स्त्रीवरून घेतलेले, जिने झाकण उघडताच जगातली सगळी पीडा बाहेर पडली व तळाशी आशा तेवढी राहिली. मूळ कथेत पेटी नव्हती, रांजण होता. सोळाव्या शतकात इरॅस्मस नावाच्या पंडिताने लॅटिनमध्ये कथा सांगताना रांजणाची पेटी करून टाकली. दोन हजारांहून अधिक वर्षांनी का होईना, त्या वस्तूचाही साचा बदललाच म्हणावयाचा.

पुढे त्याच जर्मन बाजूने 'पायरा' नावाची दुसरी आवृत्ती काढण्याचे ठरले आणि १ मे २०१६ पासून तिची आगाऊ मागणी घेतली जाऊ लागली. पहिल्या गिऱ्हाइकांच्या हाती ती पडावयास चार वर्षांहून अधिक काळ गेला. पँडोराच्या रांगेत तपश्चर्या केलेले कित्येक जण या रांगेत पुन्हा पहिल्या दिवशी उभे राहिले, असे भाचा मोठ्या अभिमानाने सांगतो.

आमच्या पिढीला रांगेचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. स्कूटरीसाठी मी नाव नोंदविले ते लग्नापूर्वी, आणि ती दारात आली तेव्हा पुढे उभे राहून हॉर्न वाजविण्याइतका माझा मुलगा मोठा झाला होता. काही हुशार माणसे आपला क्रमांक 'ऑन' घेऊन दुसऱ्यास विकीत, आणि त्या पैशांत सोफासेट घेत. परंतु आमचे वाट पाहणे आणि या मंडळींचे वाट पाहणे यांत महदंतर आहे. आम्ही वाट पाहिली ती दुसरा इलाज नव्हता म्हणून. यांच्यापुढे कोपऱ्यावरच्या दुकानात चाळीस प्रकारचे फोन मांडून ठेवलेले असतात आणि हे त्यांच्याकडे, एकादशीच्या दिवशी भजीकडे पाहावे तसे पाहून पुढे जातात. आम्ही नोंदणीची पावती ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली आणि आपापल्या उद्योगास लागलो. स्कूटरीचा कार्ब्युरेटर सध्या कोणत्या अवस्थेत आहे, या चिंतेने माझी झोप उडाल्याचे मला स्मरत नाही. मालकाची चिंता मालकाजवळ होती. यांनी किमतीबरोबर तीही उचलली, आणि माझ्या मते ती फार स्वस्तात उचलली.

बैठकीतला सर्वांत कडाक्याचा वाद मी ऐकला तो एका उभ्या रेघेवरून. कळफलक चिमुकला, चिन्हे फार. तेव्हा काही चिन्हांना स्वतंत्र कळ मिळते व बाकीच्यांना दुसऱ्याच्या कळेवर पोटभाडेकरू म्हणून राहावे लागते, आणि ती उमटवावयाची तर 'फंक्शन' नावाची दुसरी एक कळ सोबत दाबावी लागते. साधे लोक ज्या चिन्हाला जन्मात हात लावीत नाहीत अशी ती उभी रेघ, जिला ही मंडळी 'पाइप' म्हणतात, लिनक्सवाल्यांना पाण्यासारखी लागते. तिचे काम असे, की एका आज्ञेने जे उत्पन्न केले ते उचलावयाचे व दुसऱ्या आज्ञेच्या पुढ्यात नेऊन ठेवावयाचे. म्हणजे एका टेबलावरची फाईल पुढल्या टेबलावर सरकविणाऱ्या आमच्या शिपायाचे जे काम तेच. या शिपायाला स्वतंत्र खोली द्यावी की पोटभाडेकरू ठेवावे, या प्रश्नावर सव्वा तास खल झाला. एकाने १९९७ सालच्या सायऑन सिरीज फाइव्ह या इंग्रजी यंत्राचा दाखला काढला. या यंत्राचे नाव निघाले, की मंडळी आवाज खाली आणतात, कारण झाकण उघडताच त्याचा कळफलक आपण होऊन पुढे सरकत असे, आणि तसा कळफलक पुन्हा होणे नाही, यावर चौघांचे एकमत आहे. "पाइप एका अंगठ्यात पाहिजे म्हणजे पाहिजे," एक म्हणाला. "मग काढणार काय?" दुसऱ्याने विचारले. बराच विचार होऊन असे ठरले, की प्रश्नचिन्ह दोन कळांवर गेले तरी चालेल. या सभेला प्रश्नचिन्हाची गरज सर्वांत कमी भासावी, हे मला फार सूचक वाटले. ठराव इंग्रजीत लिहून निर्मात्यांकडे धाडण्यात आला. साचा त्यापूर्वीच कोरून झाला होता.

या चौघांत एक कट्टर शुद्धतावादी आहे. यंत्रातली प्रत्येक आज्ञावली खुली असावी, कोणासही वाचता यावी, असा त्याचा आग्रह. आणि अशा छोट्या यंत्रांत चित्रे रंगविणारी जी चिप असते तिची आज्ञावली अनेकदा बनविणारी कंपनी गुलदस्तात ठेवते, हे त्याचे शल्य. पँडोराच्याही बाबतीत तसेच होते म्हणतात. मला हे दुःख समजेना, तेव्हा मी माझ्या भाषेत करून पाहिले: सातबारा तुझ्या नावावर, पण विहिरीवर वहिवाट दुसऱ्याची. त्याचे डोळे पाणावले. "काका, अगदी हेच!" तो म्हणाला. त्या दिवसापासून तो मला वाकून नमस्कार करतो. दुसरा एक जण दर तीन महिन्यांनी चिडून आपली मागणी रद्द करतो, आठ दिवस मनःशांतीवर व्याख्याने देतो, आणि मग पुन्हा नोंदवून रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहतो. आरंभी त्याचा क्रमांक भाच्याच्या पुढे होता.

एकदाच या बैठकीत खरी स्तब्धता पसरलेली मी पाहिली. भाच्याची आई, म्हणजे आमची ताई, पोह्यांच्या बश्या घेऊन आत आली होती. तिने दोन मिनिटे ऐकले आणि अत्यंत निरागसपणे विचारले, "पण त्यावर करणार काय रे तुम्ही?" कोणी बोलेना. अखेर भाचा म्हणाला, की १९८५ सालचे खेळ खेळता येतील. "मोबाईलवर नाही येत ते?" चौघांनी एकमेकांकडे पाहिले. "येतात, पण..." एवढेच कोणीतरी म्हणाले, आणि पोह्यांवर लिंबू पिळण्यात सर्वजण एकाएकी गढून गेले. त्या 'पण'च्या पुढे जे आहे ते मला थोडेफार कळू लागले आहे, असे मी ताईला नंतर स्वयंपाकघरात सांगितले. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती ओळखीची होती. स्कूटर येण्यापूर्वीच मी शिरस्त्राण विकत आणले, त्या दिवशी आमच्या वडिलांनी तशीच नजर टाकली होती.

यंत्र येईल तेव्हा जकातीचा प्रश्न उभा राहीलच. परदेशातून टपालाने आलेल्या वस्तूवर ती द्यावी लागते, आणि वस्तू काय आहे याचा खुलासाही. खेळणे म्हणावे, संगणक म्हणावा, की संगणकाचा सुटा भाग, यावर मंडळींनी मसलत सुरू केली आहे. त्यात माझा सल्ला घेतला जातो. किंबहुना अलीकडे तो घेतल्यावाचून काही होत नाही, कारण सरकारी दप्तराची रीत त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक.

त्यातूनच माझ्याकडे एक काम आले. निर्मात्यांकडून येणारी वृत्ते चौघांच्या चार ठिकाणी विखुरलेली, कोणती मुदत कोणत्या कारणाने टळली याचा कोणास मेळ लागत नाही, आणि वाद झाला की ज्याचा आवाज मोठा त्याची तारीख खरी ठरते. हे मला, तेहेतीस वर्षे आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला, पाहवेना. तेव्हा माझ्याजवळची निवृत्तीच्या वेळची कापडी बांधणीची एक कोरी वही मी काढली, तांबड्या शाईने रकाने आखले: अनुक्रमांक, वृत्त आल्याचा दिनांक, सांगितलेली मुदत, तहकुबीचे कारण, शेरा. दर रविवारी मंडळी मजकूर सांगतात आणि मी नोंद करतो. कारणांच्या रकान्यात आजवर बिजागरी तीन वेळा, बॅटरी दोन वेळा, चिनी नववर्ष दोन वेळा आणि 'कळविले नाही' असे पाच वेळा आले आहे. सही मीच करतो. सध्या चौदावे पान चालू आहे, आणि सगळे रकाने मी शाईने भरीत असलो तरी मुदतीचा तेवढा हल्ली पेन्सिलीने भरतो.